वाळू पुसण्याआधी

माझ्या बायकोचा उजवा गुडघा बदलायचा होता. ऑपरेशन मंगळवारी, धंतोलीतल्या एका दवाखान्यात. करणार होता माझा शाळेपासूनचा मित्र, हाडांचा सर्जन. दवाखानाही त्याचाच. त्याआधीच्या शनिवारी सकाळी आम्ही दोघं नेहमीप्रमाणे गोल्फ खेळलो. त्या सकाळी जे दिसलं, विचारलं आणि बोललं गेलं, ते त्याच क्रमानं लिहितो.

गोल्फ म्हटलं की लोकांना पांढरी पॅन्ट आणि क्लबचं सभासदत्व आठवतं. इथे तसं काही नाही. मनीषनगरच्या पुढे, जिथे घरांच्या प्लॉटचे नवे ले-आउट अजून पोचलेले नाहीत, तिथे एका माणसानं आपल्या पडीक जमिनीवर नऊ होल, म्हणजे बॉल मारत नेऊन भोकात घालायचे नऊ टप्पे, काढले आहेत. कुणीही यावं, खिडकीवर पावती घ्यावी, काठ्या भाड्यानं घ्याव्या आणि खेळावं. सगळ्यात लांबचा होल माझ्या पावलांनी एकशे तीस. हिरवळ फक्त पावसाळ्यापुरती. होलभोवती गवताऐवजी बारीक वाळूचं गोल अंगण असतं. वाळू उडू नये म्हणून तिच्यात गाडीचं जळकं तेल मिसळतात. या अंगणाला ब्राऊन म्हणतात.

या वाळूवर सगळं उमटतं. बूट उमटतात, बॉल जिथून गेला ती रेघ उमटते आणि बॉल हळूच ढकलायची चपटी काठी, म्हणजे पटर, वाळूला टेकली तर तिचाही ओरखडा राहतो. म्हणून रिवाज असा की ज्याचा बॉल शेवटी होलमध्ये जाईल त्यानं, पोतं गुंडाळलेला लोखंडी पाईप ओढत, अंगण सपाट करायचं आणि मग पुढे जायचं. मागून येणाऱ्याला कोरी वाळू मिळाली पाहिजे.

दुसऱ्या होलवर मित्राचा बॉल भोकापासून जेमतेम दोन वितींवर थांबला होता. एवढ्या अंतरावरून कुणी चुकत नाही. तो चुकला. बॉल भोकाच्या बाजूनं हातभर पुढे गेला. परत मारून त्यानं तो आत घातला. माझा बॉल अजून बाहेरच होता, तरी त्यानं पाईप उचलला आणि वाळू ओढायला लागला.

"अबे, मी बाकी आहे ना," मी म्हणालो.

"तू मार ना गा. मी माझ्या बाजूची साफ करून राहिलो."

तिसऱ्या होलवर तेच झालं. या वेळी मी जवळ उभा होतो. तो पाईपाकडे वळला तेवढ्या वेळात त्याच्या बॉलच्या जागेमागे मला तीन-चार बारीक ओरखडे दिसले. कोंबडीनं उकरल्यासारखे, वेगवेगळ्या दिशांना. पटर सरळ गेला तर एकच ओरखडा पडतो किंवा पडतच नाही. चौथ्या होलवर मी बॉलकडे न बघता त्याच्या मनगटाकडे बघितलं. पटर मागे नेताना मनगटाला झटका बसत होता. लांबच्या फटक्याच्या वेळी मात्र काही नव्हतं. ते फटके त्याचे माझ्यापेक्षा चांगले होते.

स्कोअरकार्डाच्या मागे मी लिहायला लागलो. होल, अंतर, फटके, ओरखडे. मी बातमीच्या डेस्कवर तीस वर्षांहून जास्त काढली. एकाच माणसानं पाहिलेली गोष्ट छापायची नाही, दुसरा माणूस शोधायचा, ही तिथली पद्धत. ती अंगात राहिली आहे.

हात थरथरणाऱ्या माणसानं गोल्फमध्ये हरायला हरकत नाही. पण मंगळवारी त्याच हातात करवत असणार होती. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. चार महिन्यांत बायको फक्त दोनदा खाली उतरली होती, दोन्ही वेळा दवाखान्यासाठी, खुर्चीत बसून, शेजारच्या दोघांनी उचलून. दुसऱ्यांदा वर आणल्यावर ती म्हणाली होती, "आता उतरीन तं माझ्या पायानं. नाही तं नाही उतरत." रामदासपेठेतल्या दोन सर्जनांना दाखवून झालं होतं. दोघांनाही तिनं नाकारलं. तिचा विश्वास याच्यावर.

पाचव्या होलवर मित्राला फोन आला. तो बोलत बोलत लिंबाच्या झाडाखाली गेला. इकडे माझ्याजवळ वाळूवर तेल शिंपडणारा माणूस काम करत होता. पन्नाशीचा, अंगात स्वेटर, डोक्याला गमछा. मैदानाची देखभाल तोच करतो. मी त्याला विचारलं की डॉक्टर शनिवारशिवायही येतात का.

"येतात ना साहेब. बुधवारी येतात. एकटेच."

"किती वेळ खेळतात?"

"खेळत काही नाही. त्या सहाव्याच्या वाळूवर उभे राहतात अन् छोटे छोटे बॉल मारून राहतात. दोन-दोन घंटे. मंग सारं पुसून टाकतात अन् जातात. एक दिवस तं काठीच फेकून देल्ली बाभळीत. मीच आणून देल्ली."

"काहून?"

"मले काय माहीत? पेपरवाले तुम्ही. तुम्हीच विचारा."

दुसरा माणूस मिळाला होता. पण ओरखड्यांपेक्षा मला बुधवार खटकला. बुधवार हा मित्राचा ऑपरेशनचा दिवस. वीस वर्षं बुधवारी तो फोन उचलत नसे, हे आमच्या वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं. आता तो बुधवारी दोन तास इथे असतो, तर दवाखान्यात ऑपरेशन कोण करतं? मला आठवलं की काउंटरवरच्या बाईंनी आम्हाला आधी बुधवारच दिला होता. मित्रानं आत बोलावून तो मंगळवार केला. तेव्हा मी कारण विचारलं नव्हतं.

धंतोलीत गोंदियापासून यवतमाळपर्यंतचे पेशंट पाटीवरचं नाव वाचून येतात. नाव एकाचं आणि हात दुसऱ्याचा, अशा तक्रारी डेस्कवर अधूनमधून येत. आम्ही त्या पुराव्याअभावी ठेवून देत असू. सहावा होल खेळताना माझ्या डोक्यात एवढंच होतं. मी सहा फटके घेतले. त्यानं किती घेतले ते कार्डावर आहे, पण तो आकडा मला खात्रीचा वाटत नाही, कारण मी मोजत नव्हतो.

सातव्या होलवर माझा बॉल बाभळीत गेला. काढताना तळहातात काटा घुसला आणि आतच तुटला. हा अपघात होता. पुढचं अपघातानं झालं नाही. काट्याचं टोक वर दिसत होतं आणि दुसऱ्या हाताच्या नखांनी ते निघालं असतं. मी ते काढलं नाही. चालत जाऊन हात त्याच्यासमोर धरला.

"काटा मोडला. काढ."

त्यानं चष्मा कपाळावर चढवला. बॅगच्या टॉवेलला लावलेली सेफ्टी पिन काढली, पाण्याच्या बाटलीनं धुतली आणि माझी बोटं डाव्या हातात घट्ट धरली. काटा मी बघितला नाही. पिन बघत होतो. ती हलली नाही. कातडी थोडी उचलली, टोक मोकळं केलं, नखांच्या चिमटीत धरून काटा बाहेर. रक्तही आलं नाही.

पिन परत टॉवेलला लावत तो म्हणाला, "झालं समाधान?"

"कशाचं?"

"अबे, दुसऱ्या होलपासून तू माझ्या हाताकडं बघून राहिला. कार्डाच्या मागं काय खरडून राहिला ते दिसत नाही का मले?"

मग मी विचारलं. त्यानं उत्तरं दिली. उभ्या उभ्याच, सातव्या होलच्या कडेला.

दीड वर्ष झालं, तो म्हणाला. फक्त पटर हातात घेतला की हलतो. लांबचा फटका मारताना नाही, सही करताना नाही, टेबलावर तर नाहीच. चांगल्या चांगल्या खेळाडूंना हे होतं. औषध नाही. सरावानं जातं म्हणतात, म्हणून बुधवारी येतो.

"अन् बुधवारची ऑपरेशनं?"

"बुधवार ज्युनिअरला देऊन टाकला. साठी झाली गा माझी. मी मंगळवार-शुक्रवार करतो. म्हणून तर वहिनीचं मंगळवारी घेतलं. दुसऱ्याच्या हातात जाऊ नये म्हणून."

"मग वाळू काहून पुसतो?"

"तू असा बघशील म्हणून."

उत्तर सरळ होतं. सगळं जुळत होतं. डेस्कवर अशी सगळी जुळणारी उत्तरं आली की आम्ही पुढचा प्रश्न विचारत असू. मी तो विचारला.

"हे तू म्हणतो. आणखी कोण म्हणतं?"

त्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग म्हणाला, "भूल देणारे असतात बाजूला. सिस्टर असते. जाऊन विचार त्यांना."

"ते तुझ्या दवाखान्यातले आहेत."

दूर विमानतळाकडे एक विमान उतरत होतं. त्यानं बॅग खांद्याला लावली.

"वहिनीचं ऑपरेशन मी नाही करत," तो म्हणाला. "दोन नावं देतो, चांगले आहेत दोघंही. ज्या घरात माझ्यावर शंका आहे त्या घरचा पेशंट मी टेबलावर घेत नाही. पहिल्यापासून नाही घेत. उद्या तिचा पाय सुजला, तर तू मले झोपू देशील का? हे कार्ड घेऊन येशील तू."

परत यायची वाट आठव्या आणि नवव्या होलवरूनच जाते. म्हणून आम्ही ते खेळलो. आठव्याला त्यानं छोटा फटका दोनदा चुकवला. या वेळी पाईपाला हात लावला नाही. सगळे ओरखडे तसेच ठेवून तो पुढे गेला. वाळू मी सपाट केली.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. ती पलंगावर पाय पसरून मेथी निवडत होती. ऐकून होईपर्यंत तिनं निवडणं थांबवलं नाही.

"म्हणजे ते नाही करत म्हणाले?"

"हो."

"अन् तुम्ही काट्याची परीक्षा घेतली त्यांची."

"हात बघायचा होता."

"माझा गुडघा आहे. मले विचारलं का तुम्ही? पेपरातून रिटायर होऊन तीन वर्षं झाले, अन् अजून घरात बसून माझीच बातमी करून राहिले!" तिनं मोबाइल मागितला, स्पीकर लावला आणि नंबर फिरवला.

"भाऊजी, हात हालते का तुमचा?"

"खेळताना हलतो वहिनी."

"अन् कापताना?"

"नाही."

"मंग मंगळवारी येते मी."

"वहिनी, तो संमतीच्या कागदावर सही नाही करणार. अन् केली तरी मनापासून नाही करणार. मले ते नको आहे."

"गुडघा माझा आहे नं? सही मी करते. यांना बाहेर बाकावर बसवून ठेवू. पेपर देऊ वाचायले."

मित्र हसला. पण लगेच हो म्हणाला नाही. रविवारी विचार करून कळवतो म्हणाला. रविवार आमच्या घरात कसा गेला हे लिहिण्यासारखं नाही. ती माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी सहाला त्याचा फोन आला, तिच्या मोबाइलवर. मंगळवारी सकाळी सातला, उपाशीपोटी.

मंगळवारी "ही शेवटची खेप," म्हणत ती पुन्हा खुर्चीत बसली आणि शेजारच्या दोघांनी तिला खाली आणलं. दवाखान्यात सिस्टरनं संमतीचा कागद नेहमीच्या सवयीनं माझ्यापुढे ठेवला. बायकोनं हात लांब करून तो ओढून घेतला. तीन पानं होती. तिनं ती वाचली, दोन ठिकाणी सिस्टरला अर्थ विचारला आणि सही केली. "यांची साक्षीदार म्हणून घ्या पाहिजे तं," असं सिस्टरला म्हणाली. मी साक्षीदाराच्या रकान्यात सही केली.

दोन तासांनी तिला बाहेर आणलं. स्ट्रेचर ओढणाऱ्या माणसाला मी विचारलं, "ऑपरेशन कोणी केलं?"

"मोठ्या साहेबांनी."

"पूर्ण?"

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि स्ट्रेचर लिफ्टमध्ये घातलं. आत मी नव्हतो. तो प्रश्न माझ्याकडे तसाच आहे. गुडघा नव्वद अंशांच्या पुढे वाकतो, जखम कोरडी राहिली, ती वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते, हे सगळं मी रोज बघतो. पण त्यानं एवढंच सिद्ध होतं की कुणीतरी ते चांगलं केलं.

पंधराव्या दिवशी टाके काढायचे होते. तिला जिने उतरवायला नकोत म्हणून मित्र स्वतः घरी आला. गोल्फचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. मधल्या दोन शनिवारी त्याचा फोन आला नव्हता. त्यानं हात धुतले, पलंगाजवळ स्टूल ओढलं, पट्टी सोडली. मी दिवाणखान्यातून खुर्ची आणून बरोबर समोर बसलो, जिथून हात दिसतील.

चिमटा पहिल्या टाक्याजवळ नेऊन तो थांबला. वर बघितलं नाही.

बायकोनं बघितलं. आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे.

"तुम्ही जरा गॅलरीत उभे राहा," ती मला म्हणाली. "दार लोटून घ्या."

मी उठलो, खुर्ची जागेवर ठेवली आणि बाहेर जाऊन दार लोटलं. आत टाके निघत होते. ती मोजत होती, मोठ्यानं, एकेक. शेवटी तिनं कोणता आकडा म्हटला तो रस्त्यावरच्या ऑटोच्या आवाजात मला ऐकू आला नाही.