डोंगरात काय काम?

काल संध्याकाळी माझी नात सुमन ओट्यावर बसून मोबाईलवरच्या नकाशावर बोट फिरवत होती. शेजारी तिच्या दोन मैत्रिणी. रविवारी सकाळी सायकलींवर घाट चढायचा, पठारावरच्या कच्च्या वाटेनं तळ्यापर्यंत जायचं आणि जेवायला परत यायचं, असा बेत चालला होता. ती वाट मला नकाशावाचून ठाऊक आहे.

सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं त्या डोंगरावर नुसती लोटतात. तरी माझा मुलगा म्हणाला, "पोरींनी एकट्यानं डोंगरात कशाला जायचं? काय काम आहे तिथं?"

मी बारा वर्षांची असल्यापासून तिथं सरपणाला जात होते. पायात चप्पल नसायची, झुडपात साप असायचे. एकटी जाऊ नको, असं तेव्हा कुणी म्हणालं नाही. बाईच्या डोक्यावर मोळी असली की डोंगर गरीब असतो. ती मजेनं निघाली की त्याच डोंगरात लगेच वाघ शिरतो.

शेजारची कमळा हसून म्हणाली, "सुमे, येताना सायकलला चार काटक्या बांध, म्हणजे बाप काही बोलायचा नाही."

पोरी हसल्या. मला हसू आलं नाही.

"एक काटकीसुद्धा आणायची नाही," मी मुलाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. "तळ्यावर बसा, वारा खा आणि रिकाम्या हातांनी घरी या. काय काम होतं म्हणून कुणी विचारलं, तर सरळ सांगा, काही नव्हतं."