बोट वर करायचं

डोकं दुखत असतं तेव्हा मला बोलता येत नाही. बाकीचे बोलतात, मी ऐकते. दहावीपर्यंत असे बरेच किस्से साठले आहेत.

*

मायग्रेन सुरू झालं की उजेड सहन होत नाही. पीटीच्या सरांना हे सांगितलं, तर म्हणाले, "ताप असला तर थर्मामीटरवर दिसतो. तुझं कुठे दिसतं?" आणि उन्हात उभं केलं.

मी त्यांच्या बुटांजवळ उलटी केली. ती दिसली.

*

गोळ्यांच्या जोडीला संमोहनाचा उपयोग होतो, म्हणून डॉक्टरांनी मानपाडा रोडवरच्या एका मॅडमकडे पाठवलं. टिटवाळ्याच्या आत्याचा लगेच फोन. "वहिनी, त्यात सगळं खरं बोलतात म्हणे. कोणी मुलगा आहे का, तेही कळेल."

तेव्हापासून आई दर शनिवारी माझ्यासोबत येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसते.

*

पहिल्या दिवशी बाबाही आलेले. "मॅडम, डोक्यात शिरताच आहात, तर गणिताची आवडही टाकता येते का बघा."

"मी काही टाकत नाही. ती झोपणारही नाही. दुखण्यावरचं लक्ष हलवायला शिकेल."

बाहेर येऊन बाबा म्हणाले, "म्हणजे काहीच करत नाहीत."

*

मॅडमनी एखादी शांत जागा निवडायला सांगितली. मी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरची, टाकीमागची सावली सांगितली.

रिक्षात आई म्हणाली, "खडवलीची नदी सोडून टाकी? त्यांना वाटेल, आम्ही घरात बसू देत नाही." आम्ही चौघं वन रूम किचनमध्ये राहतो.

*

चाचणीच्या पेपरला डोकं उठलं. शिकवल्याप्रमाणे डोळे मिटून टाकीमागे जाऊन बसले. दुखणं कमी होत होतं, तेवढ्यात बाईंनी पेपर ओढला. "झोपायचं तर घरी झोप."

घरी आई पोळ्या लाटत होती. ओढणी कपाळाला घट्ट बांधलेली. म्हणाली, "डोकी सगळ्यांचीच दुखतात. आम्ही नाही डोळे मिटून बसत."

*

गेल्या शनिवारी मॅडम नेहमीसारख्या हळू आवाजात म्हणाल्या, "आता तुला कोणी हाक मारणार नाही. दुखणं हलकं झालं की उजव्या हाताचं एक बोट वर कर."

बऱ्याच वेळाने मी केलं.

"छान. आता सावकाश डोळे उघड."

मी उघडले. कोपऱ्यात आईच्या मांडीवरच्या पर्समध्ये फोन वाजत होता. बाबांची रिंग. आईचे डोळे मिटलेले होते आणि पर्सवर तिचं एक बोट वर होतं.