बिनफवारणीचं शेत

नेरे गावातलं ते शेत आमच्या संस्थेनं खंडानं घेतलं होतं, आणि तिथं कीटकनाशक मारायचं नाही ही माझी पहिली अट होती. माझं काम सोयाबीनचं नवं वाण तयार करण्याचं. चक्रीभुंगा खोडावर दोन वळी कोरून मधे अंडी घालतो, मग वरचा शेंडा मान टाकतो. कुठल्या झाडाला तो शिवत नाही हे कळायचं, तर त्याला शेत मोकळं सोडावं लागतं.

शेतमालक काकांना हे कधी पटलं नाही. "म्याडम, तुमी किडं मारायला आलाय का पाळायला?"

"पाळायलाच. त्यातून तगेल ते झाड आपलं."

जंगली सोयाबीनशी संकर करत, एकेक पिढी निवडत बरीच वर्षं गेली. मग २००५च्या पावसाळ्यात सगळ्या शेतात शेंडे वाळत असताना मधल्या दोन ओळी ताठ राहिल्या. खोडावर दाट लव होती. भुंगे बसत आणि उडून जात. मी चिखलात बसून एकेक खोड चाचपत राहिले. हा योगायोग असेल तर, अशी धास्तीही होती. शेंगा भरेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही असं सगळ्यांना बजावून मी एका बैठकीसाठी नागपूरला गेले.

परतले तर बांधावरच औषधाचा उग्र वास आला.

"सायबांनी मानसं धाडली व्हती," काका म्हणाले. "मी म्हनलो, म्याडमनी नको सांगितलंय. कोन ऐकतंय? वाळकं शेंडं बी खुडून न्हेलं."

सगळं शेत सारखंच हिरवंगार दिसत होतं. त्या दोन ओळी शेवटपर्यंत स्वतःच्या अंगच्या बळावर तगल्या असत्या की औषधानं वाचल्या, हे आता सांगता येणार नव्हतं.

साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. ते शांतपणे म्हणाले, "मुंबईहून मंत्रालयातले पाहुणे येतायत. त्यांना काय वाळकं शेत दाखवायचं? एक हंगाम गेला तर गेला."

पाहुणे आले. "किडीला दाद न देणारं वाण ते हेच का?"

"हेच," साहेब म्हणाले.

मी म्हणाले, "या शेतावर आत्ताच फवारणी झालीय. यावरून काहीच सिद्ध होत नाही."

पाहुणे साहेबांकडे पाहून हसले. "शास्त्रज्ञ मंडळी फार नम्र असतात." मग फोटो निघाला. मला मधे उभं केलं.

दिवाळीनंतर माझी बदली बियाणं तपासणीच्या विभागात झाली. "तुम्हाला माणसं सांभाळता येत नाहीत," एवढंच कारण मिळालं. माझ्या जागी कुणी आलं नाही. पुढच्या वर्षी खंडाची मुदत संपली आणि काकांनी शेतात भाड्याच्या खोल्या बांधल्या. "लई वाट बघितली म्याडम," ते म्हणाले, "पेरायला कुनी आलंच न्हाई."

सोयाबीनच्या बियांत जीव फार दिवस टिकत नाही. त्या दोन ओळींचं बी मी वेगळं काढून संस्थेच्या गोदामात ठेवलं होतं, पण दुसऱ्या विभागात गेल्यामुळे ते मिळवायलाच मला तीन वर्षं लागली. ओल्या कागदात घालून रोज उघडून पाहत होते. एकालाही मोड आला नाही. शेवटी बुरशी धरली तेव्हा कागद गुंडाळून टाकून दिला आणि दुसऱ्या पिकाचे नमुने तपासायला घेतले.