हजेरीपटानुसार कुतूहल

वसुमतीला डॉक्टर व्हायचं नव्हतं. तिला मुख्याध्यापिका व्हायचं होतं, आणि कामापुरती ती होतीच. बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या आमच्या मंडळाच्या शाळेत जुने मुख्याध्यापक निवृत्त झाल्यापासून वेळापत्रक ती लावायची, पालकांना तोंड ती द्यायची, नळ गळला तर प्लंबरही तीच बोलवायची. तिच्या दारावरच्या पाटीवर मात्र 'प्रभारी'.

मंडळाचे अध्यक्ष अप्पासाहेब. त्यांचं म्हणणं असं की आसपासच्या शाळांच्या पाट्यांवर 'डॉ.' आहे, आपल्या पाटीवर नाही, आणि पालक हल्ली पाटी वाचून प्रवेश घेतात. अप्पासाहेब क्वचित खरं बोलतात, त्यातलं हे एक. पंच्याण्णव साल होतं. गावात रोज नवी कॉम्प्युटर कंपनी उघडत होती, पुण्या-मुंबईची तरुण जोडपी सामानासकट उतरत होती, आणि त्यांना मुलांसाठी जी शाळा हवी तिच्या बाईंच्या नावाआधी काहीतरी असावं लागे. वसुमतीने डॉक्टरेट आणली तर पद तिचं. नाहीतर अप्पासाहेबांचा भाचा रघुनंदन तयारच होता. तो गुरांच्या पोषणात डॉक्टर होता. पण पाटीवर कशातला ते लिहीत नाहीत.

नोकरी सोडून विद्यापीठात बसणं वसुमतीला परवडणारं नव्हतं. तेव्हा कुणीतरी तिला सांगितलं की इंग्लंडातल्या एका विद्यापीठाची 'शिक्षणातली व्यावसायिक डॉक्टरेट' आहे; शिक्षकांनी नोकरी करता करता, आपल्याच शाळेवर संशोधन करून, टपालाने मिळवायची. नवरा हयवदन म्हणाला, "सरी." कानडीत 'बरं'. तो सगळ्यालाच सरी म्हणतो. तिला बघायला आला तेव्हाही तेवढंच बोलला होता म्हणे.

मी त्यांची शेजारीण, आणि जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेली. त्यामुळे तिचं लिखाण तपासायचं बिनपगारी काम आपोआप माझ्याकडे आलं. "अक्का, स्वल्प बघता का?" म्हणत ती यायची. तिचं स्वल्प दोन्ही हातांनी धरावं लागायचं.

टपालाने शिकणं म्हणजे काय, ते मी जवळून पाहिलं. महिन्या-दोन महिन्यांनी एक जाड पाकीट यायचं. पहिल्या पानावर आपुलकीने छापलेलं असे की तुम्ही एकट्या नाही आहात. आत वाचायच्या पुस्तकांची यादी असे, आणि त्यातलं एकही पुस्तक बेंगळुरूत नसे. 'जवळच्या सहाध्यायांशी चर्चा करा' अशी सूचना असे. वसुमतीच्या सर्वांत जवळच्या सहाध्यायी बाई नैरोबीत राहत होत्या. शिवाय दर आठवड्याला आपल्या कामाबद्दल मनात आलेल्या शंका टिपून ठेवायच्या होत्या. वसुमतीने पहिल्या आठवड्यात लिहिलं, 'शंका नाही.' दुसऱ्या आठवड्यात तिने 'वरीलप्रमाणे' लिहिलं. मी म्हटलं, अगं, निदान एखादी तरी काढ. तर म्हणाली, कामाच्या माणसाला शंका काढायला वेळ कुठे असतो?

विषय तिने निवडला तो असा: मुलांनी वर्गात आपणहून प्रश्न विचारणे. आपल्या शाळेतली मुलं प्रश्न विचारतात याची तिला खात्री होती, कारण ती विचारतातच. शिक्षणखात्याचे अधिकारी तपासणीला येतात तेव्हा अख्खा वर्ग हात वर करतो. ज्यांचा प्रश्न पाठ असतो ते उजवा हात, ज्यांचा नसतो ते डावा. बाईंनी फक्त उजवे हात पाहायचे. अधिकारी खूश होऊन कॉफी पिऊन जातात. ही रीत तिच्याही आधीची, तिने ती नीटनेटकी केली एवढंच.

तिकडच्या मार्गदर्शक बाईंनी कळवलं, एखाद्या तासाचं ध्वनिमुद्रण पाठवा. वसुमतीने सातवीचा विज्ञानाचा तास निवडला. झाडाची पानं सूर्यप्रकाशात अन्न कसं तयार करतात, तो धडा. मुलांना तिने आदल्या आठवड्यात एकेक प्रश्न वाटून दिला. यात काही लबाडी आहे असं तिच्या मनातही आलं नाही. पाहुण्यांपुढे मुलांना नवे कपडे घालावेत तसं ते. बाईंना आवाज ओळखता यावेत म्हणून प्रत्येकाने आधी आपलं नाव सांगायचं, असंही ठरलं. टेपरेकॉर्डर हयवदनने फॅक्टरीतल्या मित्राकडून आणला.

ती कॅसेट मी ऐकली. मुलं अशी प्रश्न विचारत होती की वाटावं, कुतूहलाने रात्री झोपलीच नाहीत. वसुमती तृप्त होऊन माझ्याकडे बघत होती. मला काहीतरी खटकलं, पण तिला तेव्हा सांगण्यात अर्थ नव्हता. स्तुतीच ऐकायला आलेल्या माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही.

महिन्याभराने आठव्या क्रॉस रस्त्यावरच्या एसटीडी बूथमध्ये फॅक्स आला. बाईंनी फार सौजन्याने लिहिलं होतं. ध्वनिमुद्रण स्पष्ट आहे, मुलांचे उच्चार सुरेख आहेत. फक्त एक समजून घ्यायचं होतं: अजितनंतर अनुषाला, अनुषानंतर बसवंतला, बसवंतनंतर चंद्रिकेला, असं सबंध वर्गाला इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने कुतूहल कसं वाटलं?

वसुमतीचा चेहरा उतरला. हजेरीपटाचा क्रम तिच्या इतका अंगवळणी पडला होता की दुसऱ्या कुठल्या क्रमाने मुलं असतात हेच तिला ठाऊक नव्हतं. वर बाईंनी नवी कॅसेट मागितली होती, न शिकवता घेतलेली. ती समाधानकारक नसेल तर विषयच बदलावा लागेल. विषय बदलला म्हणजे दोन वर्षं वाया, आणि अप्पासाहेब तेवढं थांबणार नव्हते. तोवर रघुनंदनच्या पाटीचा रंगही वाळला असता.

दुसरा तास त्याच वर्गावर, त्याच धड्यावर. टेप चालू करून वसुमतीने सांगितलं, आज कुणाला काही वाटून दिलेलं नाही, मनात येईल ते विचारा. यानंतर कॅसेटवर पंखा ऐकू येतो. मग बाहेरची एक रिक्षा. मग कोथिंबीर विकणारी बाई, ती मात्र न शिकवता बोलते. मग वसुमतीचा आवाज, आता जरा वरचा: विचारा, विचारा. मग पुन्हा पंखा.

मग एक बारीक आवाज येतो. यामिनी. हजेरीपटातली शेवटची मुलगी. मागच्या वेळी तिचा नंबर येईपर्यंत घंटा झाली होती. तिचा नंबर येईपर्यंत नेहमीच घंटा व्हायची. बोलणं सगळं इंग्रजीत आहे, मी आपलं मराठीत सांगते.

"मिस, आमच्या हॉलमध्ये बाटलीत मनीप्लांट आहे. तिथे ऊन येतच नाही, नुसती ट्यूबलाइट. तरी ते वाढतंय. मग ट्यूबलाइट पण चालते का?"

थोडा वेळ पंखा.

"सिलॅबसमध्ये नाही ते," वसुमतीचा आवाज म्हणतो. "खाली बस."

आणि बाक करकरतो.

ही कॅसेट तिने माझ्याकडे आणून लावली, आणि त्या वाक्याला असं तोंड केलं की जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं. हयवदनही आला होता.

"पुसून टाकते, अक्का," ती म्हणाली. "परत घेईन. त्या यामिनीला आधी जरा सांगून ठेवते."

"काय सांगणार? आपणहून विचार म्हणून?"

"तुम्हाला चेष्टा सुचते. हे पाठवलं तर माझं नाव जाईल, पद जाईल. सगळा प्रबंध मुलांनी विचारावं यावर, आणि एकुलत्या एक पोरीने विचारलं तर मी तिला खाली बसवते."

"उत्तर तरी येत होतं का तुला?"

तिने टेप बंद केला. मग म्हणाली, "नाही."

हयवदन कॅसेटकडे बघत होता. "हा आवाज घरी पण येतो," तो म्हणाला.

लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली होती, आणि सरी सोडून पहिल्यांदा तो काही बोलला, तेही असं. वसुमतीने त्याच्याकडे पाहिलं, मला वाटलं आता भांडण होतंय. पण तिने कॅसेट काढली, पिशवीत टाकली आणि दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी हवाई टपालाने पाठवून दिली. धाडस वगैरे म्हणायचं तर म्हणा. मला विचाराल तर रघुनंदनने शाळा चालवण्यापेक्षा आपली नाचक्की झालेली बरी, असा तिने हिशोब केला.

बाई खूश झाल्या. खरोखर. तुमचा विषय आता सापडला, असं त्यांनी कळवलं: शिक्षक प्रश्न कसे थांबवतात. मग वसुमतीने स्वतःवर प्रबंध लिहिला. आपण 'खाली बस' का म्हणालो, आधी कितीदा म्हणालो असू, आपल्याला कुणी म्हटलं होतं, त्यावर कोणकोणत्या विद्वानांनी काय म्हटलंय. त्या एका वाक्यावर तिने एवढे अध्याय लिहिले की तपासता तपासता माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. शेवटी तिकडे जाऊन तोंडी परीक्षा देऊन आली. परीक्षकांनी तिच्या प्रामाणिकपणाची विशेष स्तुती केली. नव्याण्णव साली वसुमती डॉक्टर झाली.

अप्पासाहेबांनी शाळेत सत्कार ठेवला. प्रबंध त्यांनी वाचला नव्हता, वजन मात्र हातात घेऊन पाहिलं. भाषणात त्यांनी नव्या पाटीचा दोनदा उल्लेख केला. मग ते म्हणाले, आता विद्यार्थी आपल्या डॉक्टर मॅडमना उत्स्फूर्तपणे प्रश्न विचारतील. नववीतला अजित उठला. "मिस, तुमच्या यशाचं रहस्य काय?" मग अनुषा उठली. मग बसवंत.

वसुमतीने माइक ओढून घेतला. "शेवटून घेऊ या," ती म्हणाली. "यामिनी."

यामिनी गांगरून उभी राहिली. तिला कुणी प्रश्न दिलाच नव्हता, घंटा होणार हे धरूनच.

"मिस," ती म्हणाली, "ते ट्यूबलाइटचं अजून सांगितलं नाही तुम्ही."

हॉलमध्ये कुणालाच काही कळलं नाही. कळलं ते वसुमतीला, हयवदनला आणि मला. त्या प्रश्नावर इंग्लंडातल्या विद्यापीठाने डॉक्टरेट दिली होती, आणि एवढ्या अध्यायांत त्याचं उत्तर कुठेच नव्हतं. शोधायचं कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही, आणि मी तर प्रत्येक ओळ वाचली होती.

"मला माहीत नाही," वसुमती माइकवर म्हणाली.

अप्पासाहेब खोकले. डॉक्टरांनी असं बोलायचं नसतं, निदान पालकांसमोर तरी नाही.

"सोमवारी बाटली घेऊन ये," तिने यामिनीला सांगितलं. "बघू या."

पाटी लागली, रंगही चांगला आहे. तिच्या खोलीतली खिडकी मात्र तिने पुठ्ठे लावून बंद केली आहे, आणि बाटलीतल्या मनीप्लांटवर दिवसभर ट्यूबलाइट जळत असते. विजेच्या बिलाबद्दल अप्पासाहेब दोनदा बोलून गेले. तिने त्यांना खाली बसायला सांगितलं.