दोरीवरचे कपडे

आमच्या वाडीतल्या शाळेच्या बाई दर मे महिन्यात नवी मुलं शोधत घरोघर फिरतात. अंगणात आल्या की आधी त्यांची नजर वाळत घातलेल्या कपड्यांवर जाते. दोरीवर एखादं झबलं, छोटी चड्डी दिसली, की त्या ओटीवर टेकतात आणि पाणी मागतात. आमच्या दोरीवर गेली कित्येक वर्षं माझे लेंगे आणि हिच्या साड्याच. त्यामुळे बाई नुसता हात करून पुढे जातात.

परवा मात्र त्या सरळ येऊन ओटीवर बसल्या. मला तेव्हाच शंका आली.

"शाळेत चारच मुलं उरलीत, काका. एक वर्ग रिकामा आहे. तिथे ज्येष्ठांसाठी काहीतरी सुरू करतोय," वही उघडत त्या म्हणाल्या.

वही पाहून मी सावध झालो. याच शाळेत गुरुजींनी आमच्या अख्ख्या वर्गाची जन्मतारीख अंदाजाने एक जून लावून टाकली होती. त्या अंदाजावर आम्ही नोकरीला लागलो आणि सगळे एकाच दिवशी रिटायर होऊन घरी बसलो. माझं खरं वय माहीत असलेली आई केव्हाच गेली. पोटासाठी बाहेर पडलेली मुलं परतली नाहीत, आणि नातवंडं या वहीत कधी आलीच नाहीत. आता वही भरेना, म्हणून पुन्हा आमचीच नावं? की बाईंची बदली टळावी म्हणून?

"मी अजून तेवढा म्हातारा नाही," मी म्हणालो.

बाईंनी फक्त दोरीकडे पाहिलं. तिथे माझा गुडघ्याचा पट्टा वाळत होता.