ताकासारखं वाटलेलं वायफाय

परभणीकडच्या गोरेगावच्या बाजारगल्लीत द्वारकाबाईच्या दारातून ताकाचा तांब्या रिकामा परत गेला, असं कधी कोणी ऐकलं नाही. ताक विकायचं नसतं आणि मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, हे तिला सासूनं शिकवलं होतं. मागणारे वाढले की ती पाणी वाढवायची. पातळ म्हणून नावं ठेवणारे नावं ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी तोंड वर करून पुन्हा तांब्या घेऊन यायचे. माहेर कनेरगाव नाक्याचं, शाळा दुसरीपर्यंत, जीभ मात्र तिखट. सून तापानं गेली तेव्हापासून घरात तिघंच: ती, तिचा पोरगा नरसिंग आणि नात शिवकन्या.

शिवकन्येला तलाठी व्हायचं होतं. परभणीचे एक सर रोज सकाळी फोनवरून शिकवायचे. फोनचं नेट पुरेना, म्हणून नरसिंगनं घरात वायफाय घेतलं. दिपक नावाचा वायरवाला आला, भिंतीला पांढरी डबी ठोकली आणि म्हणाला, "आज्जी, पासवर्ड काय ठेवू?" द्वारकाबाईनं म्हशीचं नाव सांगितलं, चंद्री. त्यापुढं त्यानं एक-दोन-तीन-चार लावलं.

घोळ इथंच झाला. शेजारची भिकाबाई आली. "द्वारके, पोरगा पुण्याला हाय माझा. त्याचं तोंड तरी बघू दे गं फोनवर." आईच्या मायेला नाही कसं म्हणायचं? द्वारकाबाईनं भिकाबाईच्या सुनेला पासवर्डचा शब्द सांगून टाकला. मग समोरचा मुन्ना आला, त्याला बाजारभाव बघायचा होता. कोणाला लेकराचा अभ्यास, कोणाला पाऊस कधी येतो ते. द्वारकाबाई चुलीपुढून ओरडून सांगायची, "चंद्री, आन् मोहरं एक-दोन-तीन-चार!" अर्ध्या गल्लीला पाठ झालं. तिला वाटायचं, डबी तर भिंतीलाच आहे, कोणी काय उचलून नेतंय थोडंच?

पोळ्याच्या सुमारास सरांचं तोंड फोनवर थिजायला लागलं. शिकवता शिकवता ते आ वासून बसायचे, अन् पुन्हा हलायचे तेव्हा निम्मा धडा पुढं गेलेला असायचा. पोरगी रडकुंडीला आली. दिपकला बोलावलं.

"आज्जी, घरात माणसं किती?"

"तीन."

"तिघांचं न्हाई हे. तुमच्या नेटावर सगळी वरात जेवून राहिली. सगळे एकदमच नेट वढतात, मंग ते ढिलं पडतंय. आमच्या हापिसातले म्हणतात, हे घरगुती वापरणं न्हाईच."

नरसिंगनं सगळं पोरीच्या अंगावर लोटलं. "एवढ्याशा क्लासाला इतकं लागतं व्हय? शिनेमे बघत असंल दिवसभर! दिपक, अजून आठ दिस बघतो. न्हाई सुधरलं तर काढून ने तुझी डबी. आन् हिला मी स्थळ बघतो."

"मी न्हाई बघत आप्पा, खरंच," शिवकन्या म्हणाली आणि उंबऱ्याकडं बघत राहिली.

द्वारकाबाई मध्ये पडली. "पोरीला काहून बोलून राहिलास? शब्द म्या वाटला."

"कोणाला?"

"मागंल त्याला."

दिपकनं कपाळाला हात लावला. "आज्जी, हे काय ताक हाय का? ह्याच्यात पाणी घालून वाढवता येत न्हाई."

तरी म्हातारीचं मन मानेना. पानात काही न टाकता पोटभर खाल्लं, तर त्याला जास्त कसं म्हणायचं? खाणारे खातात कसं ते तरी बघावं, म्हणून ती उठली.

भिकाबाईकडं सून लेकराला भरवत होती. लेकरापुढं तांब्याला टेकवून फोन ठेवलेला. त्यात नुसते रंगीत फुगे फुटत होते. लेकराचं तोंड उघडं, डोळे फुग्यावर, गालावरून वरणाचा ओघळ. सून त्याच्या तोंडात घास कोंबत होती आणि स्वतः दुसऱ्या फोनात बघत होती. एक घास चुकून लेकराच्या नाकाला लागला, तरी दोघांनाही कळलं नाही. भिकाबाई कोपऱ्यात बसली होती.

"काय गं, पुण्याचं तोंड दिसतं ना?" द्वारकाबाईनं विचारलं.

"कशाचं तोंड! अखाजीला दिसलं होतं, चार महिने झाले. त्यालाबी येळ न्हाई, हिलाबी न्हाई."

मुन्नाच्या घरात टीव्हीवर नेट लावून सिनेमा चालू होता आणि बघायला खोलीत एक शेळी उभी. मुन्ना बाजेवर पालथा पडून फोनात दुसराच सिनेमा बघत होता. "बंद कर की मेल्या टीव्ही!" द्वारकाबाई म्हणाली.

"राहू द्या काकू, फुकटचंच तर हाय."

द्वारकाबाईला श्राद्धाचं जेवण उकिरड्यावर फेकलेलं बघावं तसं झालं. तिनं त्याच दिवशी दिपककडून शब्द बदलून घेतला आणि नवा घरातच ठेवला. गल्लीत तिला नाव पडलं. "म्हातारी चिक्कट झाली." आयुष्यात पहिल्यांदा. ऐकून घेतलं तिनं.

पण सर थिजायचे ते थिजायचेच. आठवा दिवस उजाडला. नरसिंग म्हणाला, "म्हणलो न्हवतो? पोरगीच खाऊन राहिली." आणि तो गोठ्याकडं गेला.

दुपारी दिपक डबी काढायलाच आला. काढण्याआधी त्यानं आपल्या फोनात काहीतरी बघितलं आणि भुवई चढवली. "आज्जी, आत्ता बी कोणीतरी जोरात वढून राहिलं."

शिवकन्या तर भाकरीचं पीठ मळत होती. तिचा फोन खिडकीत बंद पडलेला. द्वारकाबाई मागं गोठ्यात गेली.

म्हशीपुढं कडब्याची काडी नव्हती. नरसिंग बाजेवर आडवा, छातीवर फोन. फोनात कोणी परका माणूस परातभर मटण खात होता. बोटं चाटत होता, हाडं चोखत होता, त्याचा मच्च मच्च आवाज गोठाभर. आणि हा घरचं जेवण सोडून ते बघत होता.

"हे काय रं?"

नरसिंग दचकला. "काय न्हाई माय, सहज."

"कधीपासून सहज?"

नरसिंगनं फोन पालथा केला. दारातून दिपक म्हणाला, "पोरीचा क्लास म्हणजे वाटीभर, आज्जी. हे तर हंडेच्या हंडे चाललेत."

"दिपक, डबी राहू दे. शब्द तेवढा बदल, आन् ह्या बारीला फकस्त पोरीच्या कानात सांग."

"आन् मला?" नरसिंग उठून बसला. "घर माझं, वायर माझी!"

"पोरगी बी तुझीच हाय. ती तलाठी व्हऊन राहिली. तू काय व्हऊन राहिलास ते सांग, तुलाबी देते."



दुसऱ्या दिवशी सकाळी आतून सरांचा आवाज एकसारखा येत होता, मध्ये कुठं तुटत नव्हता. शिवकन्या काहीतरी विचारत होती, सर उत्तर देत होते. नरसिंग ओट्यावर बसला होता. हातात फोन नव्हता, तरी अंगठा दुसऱ्या तळहातावर खालून वर, खालून वर सरकत होता. त्याचं त्याला भानच नव्हतं.

द्वारकाबाईनं ते बघितलं. मग अंगणात पचकन थुंकली, आणि शेण काढायला गेली.