धुतलेली क्लचप्लेट आणि नाना पेठेतला निकाल

कारंज्याहून पुण्याला निघाले तेव्हा माझ्या पिशवीत तीन साड्या, भाचीसाठी शेंगदाण्याची चटणी आणि आमच्या जुन्या पिकअपची क्लचप्लेट होती. ही पोळपाटाएवढी चकती. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत जाते ती हिच्यामार्फत. मेस्त्रीनं नमुना म्हणून काढून दिलेली ती काळी, ओशट वस्तू साड्यांशेजारी कशी ठेवायची? म्हणून सोडा टाकून, काथ्यानं घासून लख्ख केली. पुण्याला जायचं तर नीटनेटकं जावं.

आमची रोपवाटिका आहे. पिकअपमधून गावोगाव रोपं पोचवायचं काम सात वर्षं मी करते. गेल्या महिन्यात मंगरूळच्या रस्त्यावर चढाला इंजिन नुसतं ओरडू लागलं, गाडी पुढे सरकेना. आमच्या ह्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस. जाळलास!" मेस्त्रीनंही मान डोलावली. ठरलं असं, की नवा क्लच बसला की ड्रायव्हर ठेवायचा आणि चावी त्याला द्यायची. मला फार लागलं ते. चाळिशीत शिकलेली ती एकच गोष्ट, जिच्यामुळे कुठे जायला कुणाची मनधरणी करावी लागत नव्हती. गावात जुन्या मॉडेलचा अस्सल माल मिळेना, तेव्हा जिनं जाळला तिनंच आणावा, हे ओघानंच आलं.

सकाळी येरवड्याला उतरले. भाची मृणाल स्कूटर घेऊन उभी होती. ती कॉम्प्युटर कंपनीत आहे, विश्रांतवाडीला मैत्रिणींसोबत राहते. पिशवी उचलली आणि ओरडलीच, "मावशी, सीरियसली? लोखंड आणलंस?" तिच्या खोलीवर आंघोळ उरकून आम्ही नाना पेठेकडे निघालो. वाटेत तुरुंगाची लांबलचक भिंत लागली. मांडीवर मुद्देमाल घेऊन त्या भिंतीजवळून जाताना मला हसू आलं आणि थोडं रडूही.

नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं इतकी, की आख्खी गाडी इथेच जुळवून चालवत न्यावी. एका काउंटरवर पांढऱ्या मिशीचे काका बसले होते. त्यांना सांगितलं, क्लच जळलाय, चढाला गाडी सरकत नाही. त्यांनी तीन प्लेटा मांडल्या: जुन्यावरच नवं अस्तर चढवलेली, चकचकीत पण हलकी नकली, आणि महागडी अस्सल. मधल्या भोकातले दाते तिन्हींचे माझ्या नमुन्याशी जुळले. मी स्वस्तातली उचलणार, तोच काका नमुना नाकाशी नेत म्हणाले, "अहो ताई, आपण ही धुतलीत?"

"हो जी. सोड्यानं."

"इस्त्री राहिली." त्यांनी प्लेट आडवी धरून अस्तरातले रिव्हेट किती खोल आहेत ते नखानं तपासलं. "कोण म्हणतं जळली? अस्तर तर भरपूर आहे. घसरायचं कारण वेगळं असणार आणि ते आपण धुऊन टाकलंत. रोग कळल्याशिवाय आम्ही औषध विकत नाही. तासाभरानं या." त्यांनी प्लेट वर्तमानपत्रावर, भर उन्हात ठेवली.

जळली नाही म्हणतात! समोरच्या अमृततुल्यात (चहाच्या दुकानाला इथे असं म्हणतात) दोन कप चहा झाला, शेजारून बटाटेवडा (आपला आलूबोंडाच, फक्त ऐट जास्त) आणला, पण घास उतरेना. मृणाल म्हणाली, "मावशी, चिल! रिझल्टच आहे." तिला काय सांगू, दहावीच्या निकालालाही मी इतकी घाबरले नव्हते.

परतलो तर वर्तमानपत्रावर तेलाचं मोठं वर्तुळ उमटलेलं. अस्तरात मुरलेलं तेल उन्हानं बाहेर आलं होतं.

"इंजिनाचं ऑइल सील गळतंय," काका म्हणाले. "एवढीशी रबरी रिंग. तेल प्लेटवर येतं, प्लेट घसरते. ती न बदलता नवी टाकली असतीत, तर महिन्यानं परत इथेच."

"म्हणजे पायाचा दोष नाही?"

"पाय? अस्तर शाबूत आहे म्हटलं ना."

मी अस्सल प्लेट आणि सील घेतलं. मग धीर करून म्हटलं, "काका, हे बिलावर लिहून द्या ना."

"हे दुकान आहे ताई, कोर्ट नाही."

पण चष्मा लावला आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'सील गळते. चालकाचा दोष नाही.' वर दुकानाचा शिक्का मारला. भर रस्त्यात मी मृणालला मिठी मारली.

कारंज्याला हे स्टँडवर घ्यायला आले होते. मी बिल हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. मग खाली बघत म्हणाले, "दोन वर्षांमागं अकोल्याचा मेस्त्री सील बदलू म्हणाला होता. मीच म्हटलं, राहू दे."

ड्रायव्हर ठेवायचा विषय तिथेच संपला. पुण्यात काय पाहिलंस, असं बायका विचारतात, तेव्हा मी एक वर्तमानपत्र पाहिलं असं सांगते. गाडी आता चढ गुणगुणत चढते. हे शेजारी बसतात. वळण आलं की त्यांचाच डावा, क्लचचा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जातो आणि वळण संपलं तरी तिथेच राहतो. मी ते बघते. बिल समोर काचेला चिकटवलेलं आहे.